थोरल्या सिस्टरांची बाळंतीण

थोरल्या सिस्टर भांडायला लागल्या की प्रशिक्षणाच्या हॉलबाहेर माणसं जमायची. "माझ्या सुनेला कावून हात लावला? डॉक्टर कुठं हाय? न्हाईतर गाडी आणा, आमी बीडला नेतो!" बाहेरच्यांना वाटायचं, खरंच कुणाची तरी सासू पेटली. आत टेबलावर रबराची डमी असायची आणि भोवती गोंधळलेल्या नर्सबाया. सासूचं काम सिस्टर दुसऱ्या कुणाला देत नसत.

नर्सेसच्या सरावासाठी प्रसंग रचणं ही त्यांची नोकरी. बाळंतिणीचं रक्त थांबत नाही, गरोदर बाईला झटके येतात, बाळ रडत नाही. अशा वेळी हात कसे चालवायचे ते आधी डमीवर गिरवून घ्यायचं. वरून छापील प्रसंग यायचे. ते वाचून सिस्टर चष्मा काढायच्या, डोळे चोळायच्या. "ह्यातली बाई एकटीच बाळंत होती बघ. आपल्याकडची अर्धं गाव संगं आणती." मग त्या स्वतःची भर घालायच्या. बाई ऊसतोडीवरून तशीच आलेली, अंगात रक्त नाही, लाईट गेलेली, ड्रायव्हर जेवायला गेलेला. मी त्यांची मदतनीस. लाल पाणी कालवून पिशवीत भरायचं आणि त्यांनी डोळ्यानं खुणावलं की डमीखालची नळी सोडायची.

जिल्ह्यात कुठं बाळंतीण दगावली की त्या तिथल्या नर्सला भेटायला जायच्या. चौकशीला नव्हे, चौकशीवाले आधीच येऊन गेलेले असत. चहा घ्यायच्या आणि एवढंच विचारायच्या, "हात कुठं अडला, बाई?" काही दिवसांनी तोच प्रसंग डमीवर उभा राहायचा. शेवट तेवढा बदललेला. त्यांच्या प्रसंगात बाई कधी मरत नसे. एकदा एक अधिकारी म्हणाले, "एखादी मरू द्या की, म्हणजे गांभीर्य येईल."

"साहेब, मेलेली ह्यांनी पाह्यलेली हाय," सिस्टर म्हणाल्या. "जगलेली बघू द्या."

एकदा उन्हाळ्यात एका आडगावच्या उपकेंद्रातली संगीता नावाची नर्स आली. शांत, खाली मान घालून बसणारी. त्या दिवशीचा प्रसंग असा होता: लाईट नाही, खोलीत एकच बॅटरी, आणि नातू झाला म्हणताच सासू ती बॅटरी उचलून बाळाचं तोंड बघायला बाहेर नेते. आत अंधारात आईचं रक्त वाहतंय. सिस्टरांनी नेहमीसारखी बॅटरी उचलली, मी नळी सोडली. संगीता पुढं झालीच नाही. "मामी, बॅटरी नेऊ नका," एवढंच पुटपुटली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

सिस्टरांच्या ध्यानात आलं. बॅटरीची ही हकीकत खरी घडलेली; ती त्यांना त्या नर्सच्या एका सोबतिणीकडून कळली होती. ड्यूटीवरची नर्स तेव्हा माहेरी निघून गेली होती, तिची गाठ पडली नव्हती. त्यांनी माझ्याखेरीज सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि दुखऱ्या गुडघ्यांनी तिच्याशेजारी फरशीवर बसल्या.

"ती तूच व्हय गं?"

"मी लई हाका मारल्या, सिस्टर. बॅटरी आलीच न्हाई."

सिस्टरांनी मला डमी उचलायला सांगितली आणि स्वतःच टेबलावर आडव्या झाल्या. "आता बाळंतीण मी. सासू ही. माग तिला बॅटरी."

मी बॅटरी घेऊन दाराकडं निघाले. उंबऱ्यापाशी पोचले. मग एकदम संगीता ओरडली, "बॅटरी इकडं आणा! बाळ बरं हाय, उजेड आईला पाहिजे!" मी मागं फिरले. तिचे हात चालू झाले. पोट चोळणं, खोटंखोटं इंजेक्शन, सलाईन, गाडीला फोन. काही चुकलं नाही. शेवटी तिनं सिस्टरांच्या कुशीत डोकं खुपसलं आणि हमसून हमसून रडली. सिस्टर तिच्या केसांवरून हात फिरवत छताकडं बघत होत्या. इतकं थकलेलं तोंड मी कुणाचं पाहिलं नाही.

"आता न्हाई व्हत गं," संध्याकाळी सामान आवरताना त्या मला म्हणाल्या. "माझ्या बाया जगतात. पण खरं काय झालतं, ते मला ठाऊक असतं ना."

वेळेआधीच त्यांनी निवृत्ती घेतली आणि तेलगावला भावाकडं जाऊन राहिल्या. प्रसंग माझ्याकडं आले. अडलं की मी फोन करायची, त्या कापसाचं बोलायच्या, गुडघ्यांचं बोलायच्या. कामाचा विषय काढला की, "तुझं तू बघ," म्हणायच्या.

गेल्या हिवाळ्यात संगीताचा फोन आला. तिच्याकडं एका बाळंतिणीचं रक्त थांबत नव्हतं. गाडी येईस्तोवर तिनं बाईचा जीव धरून ठेवला. बाई वाचली. मी लगेच सिस्टरांना कळवलं.

"पुन्हा सांग," त्या म्हणाल्या. मी पुन्हा सांगितलं.

"खरं हाय न्हवं? का तू रचलंस मला बरं वाटावं म्हणून?"

"खरंच हाय, सिस्टर."

मग त्यांनी विचारलं, "नाव काय तिचं?"

"रुक्मिण."

"रुक्मिण," त्या हळूच म्हणाल्या, आणि फोन ठेवला. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही; थंडी सरायच्या आत सिस्टर गेल्या.