बिनतारी अण्णांचा बहिरा सेट

बिनतारी अण्णांना माणूस आधी ऐकू यायचा आणि मग दिसायचा. मी त्यांच्या फाटकाशी स्कूटर उभी करत असायचे, तेवढ्यात आतून आवाज यायचा, "शैला, तुज्या गाडीचा ब्रेक घासतोय, दाखवून घे." दूधवाला, पेपरवाला, विजेचं बिल टाकणारा, सगळे त्यांना चपलांवरून ठाऊक. त्यांच्या गल्लीच्या मागे यंत्रमागांची शेड आहे. तिथल्या खडखडाटात नव्या माणसाला स्वतःचं बोलणंही ऐकू येत नाही. अण्णा आपल्या ओट्यावर बसून सांगायचे, की कडेच्या मागाचा पट्टा सैल झालाय. शेडवाल्यांनी एकदा हसत हसत पट्टा तपासला, आणि तेव्हापासून ते अण्णांना रोज चहा पाठवू लागले.

अण्णा मूळचे केम गावचे. लहानपणी शाळा बुडवून ते केमच्या स्टेशनात तारयंत्राचं कडकट्ट ऐकत उभे राहायचे, आणि मोठेपणी पोलिसांच्या बिनतारी खात्यात चिकटले. सगळी नोकरी कानाला हेडफोन लावून मोर्सचे ठिपके आणि रेघा टिपण्यात गेली. मला ती पी-पीऽऽ सगळी सारखीच वाटायची. अण्णांना त्यात पाठवणाऱ्याचा हात कळायचा. "परत्येकाचा हात येगळा असतो," ते सांगायचे. "आपलं अक्षर असतं की, तसं. आमच्यात एक जण हुता, बायकूशी भांडून आला की त्याचे ठिपके आखूड व्हायचे. मी हिकडनं इचारायचो, जेवलास का रं?"

माझी त्यांची ओळख पडली ती खरेदीपायी. आमचं चादरींचं दुकान आहे आणि दुपारी गल्ल्यावर मी असते. सोलापूरच्या उन्हात त्या वेळी गिऱ्हाईक फिरकत नाही. वडिलांच्या रेडिओच्या काचेवर लांबलांबच्या गावांची नावं लिहिलेली असायची, ती वाचत मी मोठी झाले. पण त्यातलं एकही गाव त्या रेडिओवर कधी लागलं नाही. चाळिशी उलटल्यावर माझ्या मनानं घेतलं, की आपण एक खरा, दूरचं ऐकणारा रिसीव्हर घ्यायचा. नवरा म्हणाला, त्यापेक्षा दुकानाला नवा पंखा घे. मी त्याचं ऐकलं नाही, आणि पंखा अजून तोच आहे.

बाजारात दोन जाती होत्या. एक जुनी, लष्कराच्या लिलावातून आलेली, व्हॉल्व्हची म्हणजे आतल्या काचेच्या नळ्या तापवून चालणारी, पोलादी पेटीतली. दुसरी नवी, जेवणाच्या डब्याएवढी. तिच्यात खालपासून वरपर्यंतच्या झाडून सगळ्या लहरी आणि वर पडदा. मी दुकानदार बाई, दोन्हीकडचे भाव काढले, पण मन ठरेना. कुणीतरी म्हणालं, बिनतारी अण्णांना विचारा, त्यांच्याकडे जुना सेट आहे.

तो सेट म्हणजे पिठाच्या गिरणीचाच भाऊ होता. अण्णांनी खटका दाबला, आत व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले, आणि पुढे काहीच होईना. मी चुळबुळ करायला लागले तशी अण्णा म्हणाले, "त्यो तापायला येळ घेतो. तवर माणसानं गप बसायचं. आर्धं शिक्षण त्यातच हाय." दिवस मे महिन्याचे. खोलीची भट्टी झाली होती आणि अण्णा बनियनवर ओला टॉवेल टाकून खुशाल बसले होते. अण्णांच्या बायकोनं, काकूंनी, शेंगाचटणी आणि कडक भाकरी आणली, तर अण्णांनी हातानेच थांबवलं. भाकरीचा कुर्रकुर्र आवाज त्या खोलीत चालत नसे. काकूंनी मुकाट्यानं भाकरी आमटीत कुस्करून आणली आणि बाहेर जाऊन बसल्या.

त्यानंतर गल्ला नवऱ्याकडे देऊन मी कितीतरी दुपारी तिथं काढल्या. मोर्स ऐकताना बोटानं टेबलावर त्याचा ठेका धरायची सवय अण्णांनी मला तिथंच लावली. अण्णा जुन्याचे भक्त होते, पण आंधळे नव्हते. सेट तापला की स्टेशन जागेवरून सरकतं, हे ते स्वतःच सांगायचे. "मग चक्री धरून त्याच्या मागनं जायचं, शेरडामागं जातो तसं. धावायचं न्हाय, न्हायतर बिथारतं." नव्या सेटबद्दल त्यांची तक्रार वेगळी होती. "त्यात समदं येतं, हे खरं. पण घराची समदी दारं उगडी टाकली की धूळ बी आत येती. ह्यात बग, एकच दार उगडायचं, तेबी जरासं." हे नुसतं बोलणं नव्हतं. गावातलं मोठं रेडिओ केंद्र सुरू झालं की स्वस्तातले नवे सेट त्याच्या दणक्यानं गुदमरतात आणि बारीक आवाज बुडून जातात, हे त्यांनी कुणाचा तरी नवा सेट मागून आणून मला दोन्हींवर ऐकवून दाखवलं.

शेवटी मी सरळ विचारलं, "मग जुना घेऊ का?" अण्णांनी बराच वेळ चष्मा पुसला. "जुना घेतलास तर दुरुस्तीला मीच लागणार. माजं वय बग की. आन तुज्यानं ही पेटी उचलणार हाय व्हय?" म्हणून मी नवा घेतला. अण्णांनीच घ्यायला लावला आणि अण्णांनाच त्याचा राग आला. आठ दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत. माझ्या सेटला त्यांनी डबी असं नाव ठेवलं. तिच्या पडद्यावर निळ्या पाण्यासारखं काहीतरी वरून खाली सरकत असतं आणि जिथं कुणी बोलत असेल तिथं पिवळी रेघ उमटते. ती अण्णांना अगदी सोसायची नाही. "बगायचंच असंल तर टीव्ही हाय की," म्हणायचे. "रेडू कुटं बगत्यात?"

नव्या काळाशी त्यांचं दुसरं भांडण चालायचं ते एलईडी दिव्यांशी आणि चार्जरशी. ही स्वस्तातली उपकरणं हवेत खरखर सोडतात आणि ती रेडिओत शिरते. अण्णा हातात छोटा ट्रान्झिस्टर घेऊन गल्लीत फिरायचे, खरखर वाढली की त्या घराची कडी वाजवायचे आणि अदबीनं म्हणायचे, "ताई, तुमचा चार्जर आमच्या घरात बोलतोय." लोक हसायचे, पण चार्जर काढायचे. एका घरात त्यांनी स्वतःच्या खिशातून चांगला दिवा आणून लावून दिला. काकू म्हणाल्या, "सोताच्या न्हाणीत अंधार हाय, ते न्हाय दिसत."

मग एका वर्षी, थंडी सुरू होता होता, अण्णा म्हणाले, "सेट बहिरा झाला." रेडिओवाल्यांच्या बोलीत हा नेहमीचा शब्द आहे. लांबचे, बारीक आवाज पकडेनासा झाला, की सेट बहिरा. अण्णांनी व्हॉल्व्ह बदलले. सांधे पुन्हा डाखले. काकू नको नको म्हणत असताना गच्चीवर चढून लिंबाला बांधलेली एरियलची तार उतरवली आणि नवी ओढली. तरी सेट बहिराच. त्यांचं जेवणावरून मन उडालं. त्याच सुमारास मी फाटकाशी येऊन स्कूटर बंद केली तरी आतून काही आवाज येत नसे. मला वाटलं, माणूस काळजीत आहे.

एक दिवस त्यांनी ठरवून टाकलं. सेटचं पोट उघडायचं, आतल्या कॉइली सोडवून पुन्हा जुळवायच्या. हे काम बिघडलं तर सेट कायमचा जातो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. "त्याआदी तुजी डबी घिऊन ये," ते म्हणाले. "एकाच तारेला दोनी लावून बगू. मंग माजी खात्री हुईल."

संध्याकाळी मी डबी नेली. अण्णांनी त्या दिवशी हेडफोन बाजूला ठेवून स्पीकर लावला होता. डबीच्या पडद्यावर एक बारीक, तुटक रेघ उमटत होती. कुणीतरी हौशी रेडिओवाला दूरवरून मोर्स पाठवत होता. तार काढून मी जुन्या सेटला लावली आणि अण्णांनी चक्री त्याच आकड्यावर आणली. खरखर आली, आणि त्या खरखरीत तीच पी-पीऽऽ, बारीक पण स्वच्छ. अण्णा पुढे वाकून ऐकत होते. "बग," ते म्हणाले. "नुसती खरखर. मेला बिचारा."

मी काकूंकडे पाहिलं. त्या दारात उभ्या होत्या. त्यांनाही ती पी-पी ऐकू येत होती, आणि अण्णांना ती येत नाही हे त्यांना कितीतरी आधीपासून माहीत होतं, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. सांगायचं कुणी? अण्णा पेचकस शोधायला वळले आणि त्यांची नजर माझ्या हातावर पडली. त्यांनीच लावलेल्या सवयीनं माझं बोट टेबलावर त्या ठिपक्या-रेघांचा ठेका धरत होतं. मला ते कळलंही नव्हतं.

अण्णा त्या बोटाकडे बघत राहिले. मग त्यांनी स्पीकरवर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाले, "सेट बरा हाय तर." खटका दाबून त्यांनी तो बंद केला. मला त्या क्षणी माझा हात तोडून टाकावासा वाटला.

पुढचे महिने वाईट गेले. डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलं. "समदं सारखंच वरडतंय त्यात, भांडी बी आन माणसं बी," म्हणून त्यांनी ते डबीत ठेवून दिलं, म्हणजे यंत्राच्याच डबीत. कान झपाट्यानं जात होते. चहा घेऊन येणाऱ्या शेडच्या माणसाला ते ओट्यावरून परत पाठवू लागले, कारण तो काय बोलतो ते कळायचं नाही आणि पुन्हा विचारायची लाज वाटायची. काकू दुकानात आल्या, चादर बघायचं निमित्त करून. "शैला, दिसभर भिंतीकडं बगत्यात गं. त्यांना कायतरी दे की करायला."

मी डबी उचलली आणि त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. दुकानात धूळ फार आहे, चार दिवस सांभाळा, असं कागदावर लिहून दिलं. अण्णांनी कागद वाचला आणि तोंड फिरवलं. डबी तिथंच ठेवून मी निघून आले.

त्या आठवड्यातच काकूंचा फोन आला, की ये लवकर. मला वाटलं अण्णांचं काही बरंवाईट झालं. धावत गेले तर अण्णा डबीसमोर बसलेले, आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं मोठमोठ्यानं बोलत होते. त्यांनी पडद्याची सरकण्याची गती वाढवली होती. तसं केल्यावर मोर्सची रेघ एकसंध न दिसता ठिपका, रेघ, ठिपका, अशी सुटी सुटी दिसते. हे मला इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं. अण्णा डोळ्यांनी मोर्स वाचत होते. "ह्यो केरळातला हाय," मला बघून ते ओरडले. "म्हंतोय, पाऊस थांबंना. आन हात बग ह्याचा, शैला. रेघ लांबवतोय, शेवटाला जरा जास्तीच. म्हातारा असणार. हात दिसतोय की गं." त्यांचे डोळे भरून आले होते आणि माझेही.

जुना सेट त्यांनी मला दिला. मी नको म्हणाले, तर म्हणाले, "तुला कान हायत. तू घे." यंत्रमागाच्या शेडमधले चौघे आले आणि तो उचलून माझ्या घरी ठेवून गेले. नवरा अजूनही त्याला वळसा घालून जातो. तो तापेपर्यंत मी गप बसते.

आणि डबी त्यांच्याकडे राहिली. रोज संध्याकाळी अण्णा समोर बसून जे दिसेल ते मराठी करून मोठ्यानं सांगायचे, आणि काकू शेजारी खुर्ची ओढून ऐकायच्या. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कुणाची एरियल वादळात पडली, कुणाच्या नातीचं लग्न पुढं ढकललं. काकू अण्णांचा दंड हलवून खुणेनं विचारायच्या, कुणाच्या नातीचं? एकदा त्या मला म्हणाल्या, "आख्खा संसार ह्यांनी कानाला ते लावून काढला आन मी भाईर गप बसले. काय ऐकत्यात ते कदी कळलंच न्हाय. आता कळतंय, ही माणसं बी आपल्यावानीच हायत की." कडक भाकरी दोघं आता त्याच खोलीत खायचे.

गेल्या वर्षी अण्णा गेले. झोपेतच गेले, फार त्रास झाला नाही. महिनाभरानं मी काकूंना भेटायला गेले तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. टेबलावर डबी चालू होती आणि काकू तिच्यासमोर गहू निवडत बसल्या होत्या. मला बघून त्या जरा ओशाळल्या. "तुजी वस्तू हाय, नेतीस का?" त्यांनी विचारलं. मी मानेनंच नको म्हटलं. पडद्यावर दोन बारीक रेघा आळीपाळीनं उमटत होत्या. एक थांबली की दुसरी सुरू व्हायची.

"मला त्यातलं एक अक्षर बी येत न्हाय," काकू म्हणाल्या. "पर कुणीतरी कुणासंगं बोलतंय, येवढं दिसतं."