पाच सेकंद गप्प राहिलं की लाईन तोडायची

आज आमच्या सेलूच्या कॉलेजचा निकाल लागला आणि सकाळी अकरालाच वेबसाईट बसली. सर्व्हरवर लिनक्स हाय, अन् ते सांभाळणारा मी एकटाच.

एकावेळी किती लोकांना आत घ्यायचं, ती मर्यादा आधी वाढवली. तरी साईट उघडंना. नीट बघितलं, तर निम्मे लोक निकाल बघून झाला तरी लाईन धरून बसलेले. म्हणून सेटिंग बदलली: पाच सेकंद गप्प राहिलं की लाईन तोडायची. साईट पळायला लागली.

तेवढ्यात बोरीहून अण्णांचा, माझ्या वडिलांचा फोन.

“काय करायलास रं?”

“कामात हाय.”

“बरं.”

पुढं नुसतं गप्प. आई गेल्यापासून ते असेच फोन धरून बसतात. मी “ठेवतो” म्हणून ठेवला.

साईट चालली की कुणाचाच फोन येत न्हाई. दुपारी खोलीवर एकट्यानं डबा खाल्ला आणि अण्णांना फोन लावला.

“काही काम होतं का?” त्यांनी विचारलं.

“न्हाई, असंच.” पुढं मला काही सुचंना.

“कामात असशील, ठेवतो,” म्हणून त्यांनीच ठेवला.

गप्प माणसासाठी तुमी फोन किती वेळ धरता? खरं सांगा.