डॅशबोर्डवरचा देव

मित्रांनो, आज सकाळी तळोद्याला जुनी गाडी बघायला गेलो होतो. घरी येऊन चार तास झाले, पण मन अजून तिथेच आहे.

पांढरी, स्वच्छ गाडी. डाव्या बाजूला डॅशबोर्डवर गणपतीची मूर्ती चिकटवलेली, ताजं फूल वाहिलेलं. मी आधी हात जोडले. सौ. मूर्तीसमोरच्या सीटवर जाऊन बसलीसुद्धा.

मालक म्हणाला, "नाना, गाडीले ओरखडाबी लागेल नही. देव बसेल शे नं!"

सोबत आमच्या म्हसावदचे मेकॅनिक रमणभाई होते. इंजिन बघून झाल्यावर म्हणाले, "नाना, देव जरा उचला बरं."

"राहू द्या हो, देव आहे तो."

"तुम्हनासारखा लोके हात जोडतस, म्हनूनच तठे बसाडेल शे!"

क्षमा मागून मी मूर्ती उचलली. खाली एअरबॅगचं झाकण फाटलेलं, पुट्टी भरून रंगवलेलं. म्हणजे मोठ्या धडकेत एअरबॅग फुटून हे झाकण फाटलं होतं, आणि आत आता एअरबॅगच नव्हती.

उतरताना सौ.ला सीटच्या फटीत हिरव्या बांगडीचा तुकडा सापडला. तिच्या स्वतःच्या बांगड्या सगळ्या शाबूत होत्या.

"इथे कोण बसली होती?" तिने विचारलं. मालकाने फक्त मूर्तीसाठी हात पुढे केला. मूर्ती त्याच्या हातात देऊन आम्ही निघालो.

घरी आल्यावर सौ.ने देवापुढे दिवा लावला. कोणासाठी, ते नाव आम्हाला ठाऊक नाही.

जुनी गाडी घेताना नमस्कार जरूर करा, पण मूर्ती उचलूनही बघा. तुम्ही उचलली असती का? मी तर उचलणार नव्हतो.