चुलीला न शिवलेलं गोड

त्या दिवाळीत आमचा अख्खा जिल्हा हैद्राबाद राज्यातून उठून मुंबई राज्यात गेला. गावं, शेतं, कचेऱ्या, सगळं एका झटक्यात तिकडं. आणि मला? मला पालमहून गंगाखेडला, माझ्या स्वतःच्या नवऱ्याच्या घरी जाता येत नव्हतं.

कारण दोन माणसांची तोंडं. एक माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, आणि दुसरे आमचे हे. लग्न वैशाखात झालं. मांडवपरतणीला आम्ही जोडीनं माहेरी आलो आणि मायनं नेमकं वरण करपवलं. माय बोलायला बसली की चुलीवर काय ठेवलंय ते विसरून जायची, हा तिचा जुना रोग. ह्यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "वरणात कोळसा घालायची रीत हाय का हिकडं?" थट्टाच होती ती. पण दादा नाकावर माशी बसू देत नसत. "गोड लागत नसंल तर उठा," म्हणाले. हे उठले! गंगाखेडला वकिलाकडं कारकून होते. बोलले म्हणजे स्टांपावर लिहिलं. दारात चपला घालता घालता म्हणाले, "तुमच्या चुलीवरचं पुन्यांदा तोंडात घालणार न्हाई. शपथ हाय." दादा म्हणाले, "माझ्या घरात खाल्ल्याबिगर पोरगी धाडणार न्हाई. माझीबी शपथ." झालं. दोघांचा फैसला झाला आणि सजा मला.

आता लाजायचं वय राहिलं नाही म्हणून सांगून टाकते, मला हे आवडले होते. लग्नानंतर आठच दिवस मी गंगाखेडला राहिले, पण त्या आठ दिवसांत ह्यांनी मला तीनदा गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, घाटावर नेलं होतं. माहेरी बसून मी घाटावरच्या त्या फेऱ्या मोजायची आणि दोघांच्या नावानं बोटं मोडायची.

नागपंचमीला हे भेटायला आले. ओट्यावर बसले. आत पुरणाची दिंडं, आणि ह्यांनी काय करावं? शिदोरीचं धडपं सोडलं आणि घरून आणलेली भाकरी-चटणी खाल्ली! माय ताट वाढून निघाली होती, दादांनी तिला उंबऱ्यातूनच मागं फिरवलं. "त्यांची शपथ हाय. ताट दाखवून चिडवायलीस का?" माय ताट घेऊन परत आली. मी दाराआडून बघत होते. मला ओट्यावर जाऊन दोघांचीही डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली.

शेजारी महसूल खात्यातले गिरदावर राहायचे. त्यांची बायको, गिरदावरीणबाई, हैद्राबादेत राहून आलेली. दिवाळीच्या आधी ती मायला सांगत होती, "लय सोपं असतंय बघा. बिस्किटं दुधात बुडवायची, त्याचा थर. वर साखर घोटलेला चक्का, वर केळाच्या चकत्या. पुन्यांदा बिस्किटं. चूल नको, धूर नको. निस्तं रचत जायचं."

मी वाती वळत होते. हातातला कापूस तसाच राहिला. चूल नको! मी उठून दादांसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "शपथ चुलीवरच्याची हाय. चुलीवर न चढलेलं दिलं तर?"

दादांनी लय वेळ मिशी कुरवाळली. त्यांनाही सुटायचं होतं, पण वाकायचं नव्हतं. शेवटी म्हणाले, "पण काम चोख पायजे. त्यो कारकून हाय. एक खोट सापडली तर उठून जाईल, आन् मग जलमभर यायचा न्हाई."

पाडव्याला या, असा ह्यांना निरोप गेला, आणि तिथून आमच्या घराचं डोकं फिरलं.

दूध आमच्या म्हशीचं चालेल, पण तापवायचं गिरदावरीणबाईच्या चुलीवर, असं ठरलं. तिनं तापवलं, तिच्याच घरी विरजलं, चक्का तिच्याच खुंटीला टांगला. दादा रोज जाऊन बघून येत. पाडव्याच्या आदल्या दिवशी त्यांना नवी शंका आली. "विरजण कुणाचं लावलं?"

"माझंच की," गिरदावरीणबाई म्हणाली.

"तुमी आणलं कुठून?"

ती आठवत राहिली. "श्रावणात मोडलं होतं माझं. तवा तुमच्याच घरून नेलं होतं वाटीभर."

दादा मटकन खाली बसले. म्हणजे आमच्या चुलीवरच्या दुधाचं विरजण, त्याचं दही, त्याचं विरजण, त्याचं दही... "अवो, दह्याचं खानदान कशाला काढायलाव?" बाई ओरडली. "मान्साची सोयरीक बी इतकी बघत न्हाईत!" माझे दोन चुलते पाडव्यासाठी आले होते, दादांनी गवाह म्हणून बोलावलेले. त्यांनी बसून विचार केला आणि श्रावण ते कार्तिक एवढ्या दिवसांत आमच्या चुलीचा अंश धुऊन गेला, असा निवाडा दिला. पाडव्याला दादांनी आमची चूल पेटूच दिली नाही. सारवून घेतली आणि वर रांगोळी काढायला लावली. सणासुदीला सगळं घर चिवड्यावर आणि लाडवांवर, आणि पोरं भुकेनं रडायलेली.

थर दिसले पाहिजेत म्हणून काचेचं भांडं हवं होतं. आमच्या घरात काचेची एकच वस्तू, लिंबाच्या लोणच्याची बरणी. मी ती तीनदा राखेनं धुतली तरी वास जाईना. "असू दे," दादा म्हणाले, "लोणचं उन्हात मुरलेलं हाय." बरणीचं तोंड अरुंद. हात कोपरापर्यंत आत घालून मी एकेक बिस्कीट लावलं, वर चक्का, वर केळं. दोघे चुलते समोर बसून पाहत होते. थर उभे राहिले आणि खरंच सुंदर दिसले. पांढरा, पिवळा, बदामी. मला रडू आलं. एका बरणीत माझा सगळा संसार होता.

मी लुगडं बदलायला आत गेले. हे आले तेव्हा मी बाहेर आले, आणि बरणीकडं पाहिलं, तर वर दाण्याचा कूट! जाड, खमंग थर. मायकडं पाहिलं. ती समाधानानं म्हणाली, "बोडकं दिसायलं व्हतं. चिवड्याचे दाणे उरले व्हते, कुटून टाकले."

भाजलेले दाणे. आमच्या चुलीवर. आणि मायचे, म्हणजे करपलेले.

दादांना सांगावं तर ते बरणी उचलून उकिरड्यावर नेतील. न सांगावं तर! तेवढ्यात चुलत्यांनी ह्यांना सगळी हकीकत ऐकवायला सुरुवातही केली होती, दुधापासून विरजणापर्यंत. हे मान डोलवत ऐकत होते. दादा दुसरीकडं बघत म्हणाले, "ह्यातलं काई बी माझ्या चुलीला शिवलेलं न्हाई." आणि मायनं पळीनं ताटलीत वाढलं. थर ताटलीत पडेपर्यंत त्याचा काला झाला होता.

ह्यांनी घास घेतला. चावला. थांबले.

मी दाराची चौकट धरली. ह्यांनी बरणीकडं पाहिलं, मग रांगोळी काढलेल्या चुलीकडं, मग माझ्याकडं. पुन्हा घास घेतला. मग ताटली पुढं केली, "आनखी वाढा." तीनदा मागून खाल्लं. दादांनी फेटा सावरला आणि म्हणाले, "पोरीची पेटी बांधा."

दुसऱ्या दिवशी मोटारीत पेटी टपावर आणि मी ह्यांच्या शेजारी. गाव मागं पडल्यावर हे हळूच म्हणाले, "तुझ्या मायनं दाणे लय करपवलेत."

मी वळून पाहिलं. "तुमाला कळलं व्हतं?"

"पयल्याच घासाला. ते वरणबी मी इसरलेलो न्हाई."

माझा असा संताप झाला! सहा महिने! विरजणाची वंशावळ काढली, उपाशी पाडवा केला, आणि हा माणूस करपलेले दाणे तीनदा मागून खातो! मी म्हणाले, "चुलीवरचं खायाचंच व्हतं तर नागपंचमीला का न्हाई खाल्लं? ओट्यावर बसून चटणी-भाकर खात व्हताव!"

हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी वाट बघितली. ताट उंबऱ्यापत्तर आलं, मला वास आला. पर कुणी वाढलंच न्हाई."