रीटाकडे पाठ करून बसलेली मनोरी

मनोरीला जायचं ठरवलं सिस्टरनी. मी फक्त पिशवी भरली.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंधेरीला आमच्या गावठाणामागे चर्चच्या सिस्टर लोकांची अनाथ मुलांची संस्था होती. परदेशातल्या दत्तक आईबापांचे कागद कोर्टातून सुटेपर्यंत तिथली बाळं आसपासच्या घरांत सांभाळायला देत. माझा नवरा पास्कू जाऊन वर्ष झालं होतं. मूलबाळ नव्हतं. सिस्टर एक दिवस पाच महिन्यांची रीटा घेऊन दारात आल्या आणि म्हणाल्या, "लुसी, हिला घर हवं, तुला काम हवं. जास्त विचार करू नको." मी केला नाही.

पंधरा महिन्यांनी, जानेवारीत, तिचे आईबाप स्वीडनहून आले. लार्स शाळेत सुतारकाम शिकवायचा आणि बिर्गिट पोस्टात होती. लार्स इतका उंच की आमच्या घरात शिरताना वाकायचा आणि आत आल्यावरही तसाच राहायचा. त्यांच्या चर्चच्या बायकांनी रीटासाठी अकरा लोकरी टोपडी विणून पाठवली होती. मुंबईत बिर्गिट ती एकेक काढून नुसती दाखवायची.

त्याआधी सिस्टरनी माझ्याकडून मुलीच्या सवयींचा एक फॉर्म भरून घेतला होता. मी चौथी शिकलेली. पुढचं सगळं पुडीच्या कागदांवर आणि वाचनालयात वाचून शिकले, पण अक्षर चांगलं आहे. डाव्या कुशीवर झोपते, कावळ्याला घाबरते, मऊ भात आणि बिनतिखटाचं कालवण आवडतं, सगळं नीट लिहिलं. एक गोष्ट लिहिली नाही. रीटा कुणाच्या हातून खायची नाही. कुणीतरी ताट घेऊन बसायचं, तोंड दुसरीकडे करायचं, की ती हळूच येऊन त्या ताटातलं चोरून खायची. बघितलं की हात मागे, तोंड बंद. त्या रकान्यात मी लिहिलं, 'नीट जेवते.'

विसरले असं म्हणता आलं असतं. विसरले नव्हते.

सोमवारी रीटा संस्थेत त्यांच्याजवळ राहायला गेली. बुधवारपर्यंत बाटलीतलं दूध आणि दोन बिस्किटं एवढंच पोटात होतं. दोघं चमचा घेऊन तिच्यासमोर गुडघ्यांवर बसायचे आणि इतक्या प्रेमाने बघायचे की कुणाचाही घास अडकावा. रविवारचं विमान होतं. सिस्टरनी मला बोलावलं. "तुझ्या भावाकडे मनोरीला घेऊन जा सगळ्यांना. हवा बदलेल. पण भरवायचं त्यांनी, तू नाहीस. रविवारपर्यंत जेवली नाही तर मी उपाशी पोर विमानात बसवणार नाही. पुढच्या वर्षी बघू."

ते 'पुढच्या वर्षी' मी पेपरमिंटसारखं तोंडात घोळवत घरी आले.

गुरुवारी निघालो. तुम्ही जाणार असाल तर मालाड स्टेशनच्या पश्चिमेकडून मार्वेची बस घ्या, स्वस्त आणि बरी. आम्ही अंधेरीहून टॅक्सी केली, कारण लार्स बसमध्ये मावेल याची खात्री नव्हती. टॅक्सीतही तो नीटसा मावला नाही. ड्रायव्हर शेवटी म्हणाला, "बाई, साहेबांना सांगा, पाय खिडकीतून काढले तरी चालतील." मालाड सोडल्यावर रस्ता रिकामा व्हायला लागतो, झाडी येते, आणि मार्वेला खाडीच्या तोंडाशी संपतो. पलीकडे मनोरी.

तेव्हा ओहोटी असली की चिखलातून चालत जाऊन होडीत चढावं लागे. चप्पल हातात घ्या, नाहीतर ती चिखलातच राहते. तिकीट नाण्यांत भागायचं. होडीवाल्याने लार्सकडे खालून वरपर्यंत बघितलं आणि मला विचारलं, "हा एकच आहे ना?" मग त्याला बरोबर मधोमध बसवलं आणि हलू नको म्हणून खुणावलं. पाच मिनिटांच्या वाटेत तो देवळातल्या मूर्तीसारखा बसून होता. रीटा माझ्या मांडीवर होती. तिने पाण्यात थुंकी टाकली आणि माझ्याकडे बघून हसली.

पलीकडे माझा धाकटा भाऊ इनास टांगा घेऊन उभा होता. इनास वीस वर्षं मालवाहू बोटीवर आचारी होता. इंग्लिश तिथेच शिकला, त्यामुळे त्याच्या प्रत्येक वाक्यात एक शिवी असायची आणि ती शिवी आहे हे त्याला माहीत नव्हतं. त्याने हात जोडून स्वागताचं एक वाक्य म्हटलं. बिर्गिट लाल झाली. लार्स खदाखदा हसला. घोडा बुजला.

इनासची बायको फिलू हिने दुपारी फुगे तळले होते. आमच्या लोकांत लग्नाकार्याला करतात ते, आंबवलेल्या पिठाचे गोल, मऊ. सोबत सुरमई. बिर्गिट मोजून भात खाणारी बाई, पण तिने सहा फुगे खाल्ले, लार्सने किती ते फिलूने मोजायचं सोडून दिलं. रीटाने एकही नाही. तिच्यासमोर चमचा घेऊन लार्स, त्याच्या मागे बिर्गिट, बाजूला फिलू आणि इनास, चौघंही आपापलं तोंड उघडून दाखवत होते. मी खांबाला टेकून बघत होते.

"बाय, ही तुझ्याकडे कशी जेवायची गं?" फिलूने विचारलं.

"जेवायची," मी म्हटलं.

शुक्रवारी बातमी गावभर झाली. शेजारणी आल्या. एकीने उकडलेलं अंडं आणलं, एकीने नाचणीची पेज, एकीने आपला नातू आणला, 'याला बघून खाईल' म्हणून. नातवाने अंडं, पेज आणि वर तीन फुगे खाल्ले. रीटा त्याच्याकडे कौतुकाने बघत बसली. दुपारी मी मोजलं, अकरा माणसं एका पोरीच्या तोंडाकडे डोळे लावून होती. इनासने टोपलीचं टोपडं करून नाच केला. रीटा हसली, पण दात मिटून.

मग फिलू म्हणाली, दृष्ट लागली. चर्चला रोज जाते, पण मीठ-मिरच्याही तिला लागतात. तिने त्या पोरीवरून उतरवून चुलीत टाकल्या. घरभर ठसका. स्वीडनची दोघं डोळे पुसत अंगणात पळाली. तिथे इनासने त्यांचं मन रमवावं म्हणून त्यांच्या चर्चची चौकशी केली, तेव्हा कळलं की त्यांच्यात पाद्री लग्न करतात. फिलू ठसका विसरली.

"बायको असते पाद्र्याला?"

"चार पोरं पण आहेत म्हणे," इनास म्हणाला.

"मग कन्फेशनला पापं सांगायला कोण जातं रे? घरी जाऊन बायकोला सांगत असेल ना सगळं."

इनासने हे विचारलं. लार्सने बराच वेळ विचार करून उत्तर दिलं की ते बहुतेक देवाला परस्पर सांगतात. "बरं पडतं," फिलू म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं. उगाचच बघितलं असेल. मी पाणी आणायला विहिरीवर गेले.

शनिवारी सकाळी फिरायला गेलो. मनोरीची वाळू काळपट आहे, पोहायला फारशी बरी नाही, पण चालायला मोकळी. वाटेत कोळणींनी बोंबील वाळत घातलेले होते. नाकाला सवय नसेल तर वाऱ्याकडे पाठ करून चाला. लार्स रीटाला खांद्यावर घेऊन चालला होता. तिथून तिला सगळं गाव दिसत होतं. तिने त्याचे कान धरले होते. ते मला दिसलं आणि आवडलं नाही.

दुपारी ओट्यावर जेवणं मांडली. बिर्गिट तिची वही घेऊन बसली होती, तिच्यात ती रीटाच्या खाण्याच्या वेळा लिहायची. त्या पानावर सोमवारपासून नुसत्या रेघा होत्या. तिने वही मिटली. ताट मांडीवर घेतलं आणि समुद्राच्या बाजूला तोंड करून बसली. रडत नव्हती. जेवतही नव्हती. नुसती बघत होती, पलीकडून कुणी येणार असल्यासारखी.

मी ते बसणं ओळखलं. पास्कू मुलुंडच्या कारखान्यात फिटर होता. संध्याकाळी यायचा. तो गेल्यावर वर्ष उलटलं तरी मी ताट वाढून घ्यायची आणि फाटकाकडे बघत बसायची. भात तसाच गार व्हायचा. रीटा रांगायला लागली तेव्हा एकदा भानावर येऊन बघते तर अर्धा भात संपलेला आणि हिच्या हनुवटीला कालवण. तेव्हापासून मी कालवण नीट करायला लागले. तिची सवय तिथली, माझ्या ताटातली.

आणि आता रीटा ओट्याच्या कोपऱ्यातून सरकत बिर्गिटकडे निघाली होती. एक हात टेकून, थांबून, पुन्हा एक हात. बिर्गिटला पत्ता नव्हता. रीटाने ताटातली माशाची तुकडी उचलली. माझ्या शेजारी बसलेल्या लार्सला ते दिसलं. त्याचा चेहरा उजळला, त्याने तोंड उघडलं, आता तो बायकोला हाक मारणार.

मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. त्याने हाक मारली असती, रीटाने तुकडी टाकली असती, आणि पुढचं वर्ष माझं होतं.

मी लार्सचे दोन्ही कान धरले आणि त्याचं डोकं भिंतीकडे फिरवलं.

"तोंडं फिरवा," मी हळू म्हटलं. "सगळ्यांनी. तिच्याकडे बघू नका."

"कुठे बघू?" इनासने विचारलं.

"नारळाकडे बघ."

सगळ्यांनी तोंडं फिरवली. अंगणात आलेल्या शेजारणीही काही न विचारता पाठमोऱ्या झाल्या. पायरीवर अंडंवाली होती, ती टोपली कुशीत घेऊन चर्चच्या दिशेला वळली. मागून चपचप आवाज येत होता. ताटावर बोटं फिरवल्याचा आवाज आला तेव्हा बिर्गिट म्हणाली, अगदी हळू, काहीतरी त्यांच्या भाषेत. ती तशीच समुद्राकडे बघत होती.

संध्याकाळी मी इनासला म्हटलं, "तिला सांग, मला आधीपासून माहीत होतं. मी लिहिलं नाही."

"हे मी नाही सांगणार, बाय," तो म्हणाला. "माझ्या इंग्लिशमध्ये हे नीट निघायचं नाही."

म्हणून मीच सांगितलं. "आय नो. आय नॉट टेल." बिर्गिट उठून आत गेली. रात्री माझ्याशी बोलली नाही. मला ते बरोबरच वाटलं.

रविवारी चर्चमधल्या मिसाहून आल्यावर न्याहारीला बसलो. बिर्गिटने ताट घेतलं आणि पाठ केली. लार्सने केली. इनास, फिलू, सगळ्यांनी केली. मी रीटाकडे बघत बसले होते. बिर्गिटने मान न वळवता हात मागे केला, माझा खांदा चाचपला, आणि मला फिरवलं.

निघताना फिलूने त्यांना घरच्या मसाल्याची बाटली आणि सुक्या बोंबलांचं पुडकं दिलं. बिर्गिटने बोंबील लोकरी टोपड्यांमध्ये गुंडाळले. ती टोपडी नंतर कुणी घातली असतील असं वाटत नाही. विमानतळाच्या काचेपर्यंत मी गेले. रीटा लार्सच्या खांद्यावर, त्याचे कान धरून. वळून बघते का म्हणून मी वाट बघितली. मग माझं मलाच हसू आलं. मी बघत असताना ती काय करणार. मी पाठ केली. तिने वळून बघितलं की नाही, मला माहीत नाही.

सोमवारी घरी कालवण केलं, ताट वाढलं, सवयीने फाटकाकडे तोंड केलं. बऱ्याच वेळाने बघितलं तर भात होता तसाच. तो मी जेवले. गार होता.

पावसाळ्याच्या आधी स्वीडनहून पत्र आलं, आत एक फोटो. जेवणाचं टेबल, लार्स आणि बिर्गिटच्या नुसत्या पाठी, आणि मधे रीटा, दोन्ही गाल भरलेले, सरळ कॅमेऱ्याकडे बघत असलेली. पाहुणे आले की त्यांनाही भिंतीकडे तोंड करून बसवतो, असं बिर्गिटने लिहिलं होतं, पाद्र्यालासुद्धा.

मनोरीला जायचं तर डिसेंबर-जानेवारीत जा. आता लाँच आहे, मोटरसायकलीही चढतात, चप्पल हातात घ्यावी लागत नाही. फुगे मात्र कुणाच्या घरीच मिळाले तर खा.

तो फोटो मी जेवायच्या टेबलामागच्या फळीवर ठेवलाय. जेवताना माझी पाठ तिच्याकडे असते.