काकूंनी गिटार वाजवली तो दिवस
आज ऑफिसला ड्राइव्ह करताना रेडिओवर कुठल्याशा सिनेटरने बुडवलेल्या टॅक्सची बातमी संपली आणि लगेच हवाईयन गिटार लागली. ते लांब घसरत जाणारे सूर माझे फार आवडते, आणि ते ऐकले की मला कॅरी गावातल्या आमच्या शेजारच्या काकू आठवतात. होनोलुलूत नोकरीला असताना त्या ही गिटार शिकल्या होत्या. मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकवायच्या, तेव्हा अंगावर काटा यायचा. एका वर्षी काकू टाउन कौन्सिलच्या निवडणुकीला उभ्या होत्या आणि प्रचाराच्या पिकनिकला वाजवणार होत्या. नेमकं त्याच सकाळी पेपरात आलं, की भाड्याने दिलेल्या घराचं उत्पन्न त्यांनी टॅक्समध्ये दाखवलंच नव्हतं. पार्कात कणसं भाजल्याचा वास सुटला होता, पाइनच्या सावलीत लोक कुजबुजत होते, आणि काका खाली मान घालून बसले होते. कुणीतरी हळूच म्हणालं, "काकू, रिटर्न्स तर काकांनी भरले होते ना? तसं सांगून टाका, विषय क्लोज होईल." काकू तडक माइकपाशी गेल्या. "सही माझी आहे," त्या म्हणाल्या, "न वाचता केली, ही माझी चूक. टॅक्स भरते, दंडही भरते. मत द्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा." मग खुर्ची ओढून त्यांनी गिटार मांडीवर घेतली. पहिला सूर थरथरला. दुसऱ्याला काका उठले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. काकू ती निवडणूक हरल्या. माझं मत त्यांनाच होतं, आणि तितक्या खात्रीने मी त्यानंतर कुणालाच मत दिलेलं नाही.