झेंड्याखालच्या नोटा

सिल्वासातल्या आमच्या घरी शाळेचा झेंडा असायचा. शाळेचं छप्पर गळायचं, म्हणून हेडमास्तर या नात्यानं अण्णा, म्हणजे माझे वडील, तो घडी करून घरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवत. आमचा हातही त्याला लागू देत नसत. त्याच झेंड्याखाली त्यांनी पोर्तुगीज नोटा लपवल्या होत्या. आठवलं की अजूनही माझं डोकं फिरतं.

पोर्तुगीज सिल्वासातून गेल्यावर अण्णा कोकणातून इथे नोकरीला आले. पण पोर्तुगीज गेले म्हणजे किती लांब, तर दमणपर्यंत. तिकडे त्यांचे शिपाई होतेच, आणि हेगच्या कोर्टात आमच्या या चिमूटभर मुलखाचा खटला चालू होता. निकाल लागला तेव्हा तो कोणाच्या बाजूनं हेच कोणाला धड कळेना. बाजारात जो तो म्हणायला लागला, साहेब लोक परत येणार. अण्णा शाळेत मुठी आवळून भाषण करायचे आणि घरी आले की खिडक्या लावून घ्यायचे.

दमणशी चोरून देवघेव असलेला एक दुकानदार त्यांना भेटायचा. "मास्तर, ते पाछा आले ना, तर तुमच्या रुपयाला कोण विचारतो? झेंडा लावणाऱ्याला पहिला पकडणार. त्यांची नोट हातात असेल तर शिपाई तरी सोडेल." एवढं ऐकलं आणि अण्णांचा धीर सुटला. मास्तरच्या पगारात शिल्लक कुठली! घरात सोनं म्हणाल तर आईच्या पाटल्या. तिच्या आईनं हातातल्या काढून तिला लग्नात घातलेल्या.

"अहो, तसंच काही झालं तर वापीपर्यंत चालत जाऊ की," आई म्हणाली. "दुपारच्या आत पोचू."

"तुला राजकारणातलं काय कळतं?"

"वर्षभरात तश्शाच घडवून देतो," असंही ते म्हणाले. आईनं मोरीत बसून साबण लावून पाटल्या काढल्या. घट्ट बसल्या होत्या, मनगट सोलवटून निघालं. त्यांच्या बदल्यात दुकानदाराकडून आली ती रंगीत कागदांची पातळशी गड्डी. ती झेंड्याखाली गेली. पोर्तुगीज आलेच असते तर पहिल्यांदा झेंड्याचीच पेटी उपसली असती, हे माझ्या शिकल्यासवरल्या बापाला सुचलं नाही.

पोर्तुगीज आले नाहीत. उलट एका डिसेंबरात आपलं सैन्यच दमणमध्ये शिरलं आणि सगळा खेळ आटोपला. अण्णांनी शाळेत पेढे वाटले. काही दिवसांनी कळलं, दमणला पोर्तुगीज नोटा बदलून मिळताहेत, पण मुदतीत जायला हवं. आईचा चेहरा खुलला. तिनं पेटी उघडून गड्डी त्यांच्यासमोर ठेवली.

"मी त्या रांगेत उभा राहू? सगळ्या गावासमोर?"

"मग मी राहते. मी कुठे झेंडा लावलाय?"

"तू माझी बायको आहेस, हे विसरू नकोस."

दुकानदारानंही निरोप धाडला, चौथाई भावात घेतो. अण्णांनी त्यालाच देशद्रोही ठरवलं. मुदत संपली आणि नोटा पेटीतच राहिल्या. माणूस भित्रा असला तर मी समजू शकते, पण अब्रूच्या नावाखाली दुसऱ्याच्या हातातलं बुडवणं मला आजही माफ करता येत नाही. आई मात्र थांबून राहिली. पगार वाढला की घडवू, मुलगा कमावता झाला की घडवू, असं ती भाजी चिरताना आपल्याशीच बोलायची.

पुढे चीनशी लढाई लागली. संरक्षण निधीसाठी सोनं गोळा करायची सभा शाळेच्या पटांगणात भरली आणि भाषण अर्थातच अण्णांचं. बायका एकेक करून पुढे येऊ लागल्या. अथालहून आलेल्या एका म्हातारीनं खाली बसून पायातले चांदीचे वाळे काढून दिले. मग सगळ्यांच्या नजरा हेडमास्तरांच्या बायकोकडे वळल्या. आईनं काचेच्या बांगड्यांचे हात पदराखाली ओढून घेतले.

अण्णा क्षणभर अडखळले आणि मग आवाज चढवून म्हणाले, "माझ्या घरातल्या पाटल्या तर केव्हाच देशासाठी गेल्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारच्या बाईनं आईचा हात पदरातून बाहेर काढून डोळ्यांना लावला.

घरी येताना अण्णा पुढे चालत होते, लोक त्यांना थांबवून नमस्कार करत होते. आई माझ्याबरोबर मागे होती. ती हळूच म्हणाली, "इतके दिवस वाटायचं, कधीतरी परत करून घालीन. आता कोणी करून दिल्या तरी गावात घालता यायच्या नाहीत गं."